खंड्याचा डावा कान

इंदुमतीबाई चौगुल्यांच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं, पण डॉ. वामन अष्टेकर ते विसरले होते असं मुळीच नाही. पत्र त्यांच्या घरच्या टेबलावर, भिंगाच्या डबीखाली, दिवाळीपासून पडून होतं. भिंग उचललं की ते दिसायचं आणि डबी परत ठेवली की झाकलं जायचं.

ते मणेराजुरीहून आलं होतं. निळ्या शाईतलं, एकेक अक्षर सुटं. बाईंनी सुरुवातीलाच लिहिलं होतं की त्यांना ऐकू येत नाही, कानाचं यंत्र लावूनही फोनवरचं काही उमगत नाही, म्हणून पत्राचा त्रास देते. मालक वारल्यापासून आमचा कुत्रा खंड्या डावा कान खाजवतो, मान झटकतो, आणि दिवस मावळताना द्राक्षबागेच्या फाटकाशी जाऊन डोकं एका अंगाला कलतं करून उभा राहतो. गळ्यातल्या पट्ट्याचा दिवा लाल लागतो. डॉक्टरांनी थेंब दिले, गोळ्या दिल्या, पुन्हा थेंब दिले. दिवा लालच. 'तो पट्टा तुम्ही तयार केलात असं पेपरात वाचलं, म्हणून विचारते. त्याचा कान दुखतोय, की तो काही ऐकतोय? मला ऐकू येत नाही, त्यामुळे मला कळायला मार्ग नाही.'

अष्टेकरांना उत्तर माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणी तसं दोन ओळींत कळवून टाकलं असतं. त्यांना ते जमेना. सत्तरी उलटलेल्या माणसाने, ज्याच्या नावावर तो पट्टा आहे त्याने, एका परक्या बाईला 'मला माहीत नाही' हे कुठल्या शब्दांत सांगायचं? वाक्य कागदावर उतरवण्याआधी तोंडाने म्हणून बघायची त्यांना शाळेपासूनची खोड होती. दिवाळीनंतर कित्येक संध्याकाळी ते मायना म्हणून बघत, पुढच्या वाक्यात शिरत आणि थांबत. संक्रांतीच्या सुमारास त्यांनी तेही सोडून दिलं.

मिरजेत तोवर पट्टा नसलेलं पाळीव जनावर दिसणं मुश्कील झालं होतं. पट्ट्यातून एक मऊ तार निघे आणि तिच्या टोकाचा तांदळाएवढा दाणा कुत्र्याच्या किंवा मांजराच्या कानाच्या तोंडाशी बसे. कान ठीक असला की पट्ट्यावर हिरवा दिवा, पिकला असला की लाल. कान पिकल्याचं कळायला आता जनावराने कळवळायची गरज उरली नव्हती. श्रवण-प्रयोगशाळेच्या दारावर तसं लिहिलंही होतं. अष्टेकर त्या दाराने आत जाताना पाटीकडे बघत नसत.

फाल्गुनातल्या एका बुधवारी दुपारी डॉ. रुबीना सतारमेकर प्रयोगशाळेत आल्या. त्या प्राण्यांचा फिरता दवाखाना चालवत. पट्ट्याच्या पहिल्या चाचण्या त्यांनीच घेतल्या होत्या. त्यांचं घराणं सतारी बनवणारं. भावांनी भोपळे आणि तारा घेतल्या, रुबीनाने कुत्री-मांजरं.

"सर, आहात का? की पुस्तकात आहात?"

"आहे, आहे. या."

त्यांनी टेबलावर काचेच्या बंद डब्या मांडल्या. प्रत्येकीत कान पुसलेला कापसाचा बोळा होता. एक उघडून त्यांनी पुढे केली. "वास घ्या."

"मी?"

"घ्या हो, चावत नाही."

अष्टेकरांनी बोळा नाकाशी नेला. कशाचाच वास आला नाही.

"नाहीच येणार. कुत्र्याचा कान पिकला की पहिल्यांदा नाकाला कळतं. बुरशी असली की शिळ्या पावासारखा आंबूस, जिवाणू असले की कुजका. आत लाल असतं, हात लावला तर गरम लागतं. मांजराच्या कानात किडे झाले तर कॉफीच्या पुडीसारखा काळा चुरा निघतो. यातल्या एकाही बोळ्यावर काही नाही. आणि सगळ्यांचा दिवा लाल."

"म्हणजे पट्टा चुकतो." अष्टेकरांचा आवाज बारीक झाला. पट्टा कुठेतरी चुकणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं. तो चुकत नाही असं बाकीचे म्हणत आले होते.

"नुसता चुकत असता तर मी एवढ्या उन्हात कशाला आले असते? जनावरं खरोखर खाजवतात, मान झटकतात, डोकं कलतं करतात. लक्षणं सगळी आहेत, आजारच तेवढा नाही." रुबीना खुर्चीत बसल्या. "आणि यातल्या एकाचा सोमवारी कान काढणार आहेत. आतली अख्खी नळी. पुण्याला एका दवाखान्यात. थेंब लागू पडत नाहीत, म्हणजे दुखणं खोल असणार, असं म्हणतात ते. त्या बाजूने बिचारा बहिरा होणार."

"थांबवा की."

"थांबवायला गेले होते. मालकीण म्हातारी आहे, ऐकू येत नाही तिला. मी कागदावर लिहून दाखवलं. तिने खाली काय लिहिलं सांगू? 'ज्यांनी पट्टा केला त्यांनाच विचारलं होतं. ते गप्प राहिले. माणूस वाईट बातमी सांगताना गप्प राहतो.'"

अष्टेकर डब्यांची झाकणं एका ओळीत लावत राहिले. मग म्हणाले, "कुत्र्याचं नाव खंड्या का?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"तिचं पत्र माझ्या टेबलावर पडून आहे. दिवाळीपासून." रुबीना त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं.

"बरं," त्या जरा हळू म्हणाल्या. "आता असं करा. पट्टा कसा चालतो ते मला पहिल्यापासून सांगा. मी काही शिकलेलीच नाही असं समजा. कुठे अडखळता ते बघू."

यात मात्र अष्टेकरांना लाज वाटली नाही. "कान नुसता ऐकत नाही, तो बोलतोही. आतल्या शंखात केसाळ पेशी असतात. आवाज आला की त्या नाचतात आणि नाचताना स्वतःचा एक अतिशय बारीक आवाज बाहेर टाकतात. त्याला आपण कर्णोत्तर म्हणतो. दाणा कानात एक शोधस्वर सोडतो आणि उत्तर ऐकतो. कान निरोगी असला तर जे विचारलं त्याचंच उत्तर येतं. सूज, मळ, पू असला की ते दबतं, फाटतं, त्यात भलतंच काही मिसळतं. मग दिवा लाल."

"आणि कुठला स्वर सोडायचा ते कोण ठरवतं?"

"कानच ठरवतो. ते तुमच्या अब्बांकडून घेतलं, विसरलात? सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना कुणी हात लावत नाही, वरची तार छेडली की त्या आपोआप झंकारतात. अब्बा म्हणाले होते, तारेला काय हवं ते तारेलाच विचारा. म्हणून दाणा अधूनमधून सगळे स्वर सोडून बघतो. ज्यांना कान मोठं उत्तर देतो ते ठेवतो, त्याच क्रमाने. दिवसातली वेळही तशीच निवडतो. असा तो त्या कानाशी जुळत जातो."

दुसऱ्या कुठल्या गावात हा पट्टा तयार झाला असता तर त्यात एकच ठरावीक स्वर भरून मोकळे झाले असते. मिरजेत ते कुणाला पटलंच नसतं. इथे वाद्य लावतात ते वाद्याचं ऐकून. सल्लागार मंडळाच्या बैठकीत या कल्पनेला टाळ्या पडल्या होत्या.

"अडखळला नाहीत कुठे," रुबीना म्हणाल्या.

"मग तिथेच काहीतरी असणार."

"लाल कानांची उत्तरं कधी ऐकलीत?"

अष्टेकर गोंधळले. उत्तरं पडद्यावर रेघांच्या रूपात दिसत. ती ऐकायची असतात हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आवाजच इतका बारीक की तो मोठा करायला हजारो पट करावा लागे. त्यांनी यंत्रणा जोडली, खिडकी बंद केली आणि सांगलीच्या एका मांजराचं कर्णोत्तर स्पीकरवर लावलं.

आधी नुसती खरखर आली. मग ठक. थोड्या वेळाने पुन्हा ठक, आणि मधे काहीतरी घासत गेल्यासारखं.

"काठी," रुबीना म्हणाल्या. "कुणीतरी काठी टेकत जिना चढतंय." त्यांनी मोबाइलमधली नोंद बघितली. "या घरात आजोबा होते. वरच्या मजल्यावर राहायचे. वारले."

दुसऱ्या कानातून स्कूटर आली. चढावर दम लागल्यासारखी, मग दारात येऊन बंद पडणारी. त्या घरातली मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली होती आणि स्कूटर विकली होती. तिसऱ्यातून खोकला आला. मग अष्टेकरांनी खंड्याचा डावा कान लावला.

शब्द नव्हते. कानाला शब्द राखता येत नाहीत, चाल तेवढी राहते. पण ती चाल माणसाच्या गळ्याची होती यात शंका नव्हती: खालून उचललेली, मधे लांबवलेली, शेवटी वर जाऊन तुटलेली. बागेच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या जनावराला मारलेली हाक.

"पुन्हा लावू?"

"नको," रुबीना म्हणाल्या. आणि लगेच, "लावा."

हाक पुन्हा आली.

"मेंदूकडून कानाकडे उलट येणाऱ्याही नसा असतात," अष्टेकर स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "रोजचा आवाज यायच्या वेळी मेंदू कानाला आधीच सांगून ठेवतो की तयार राहा. त्या तयारीत पेशी थोड्या आधीच नाचू लागतात, येणाऱ्या आवाजाच्या चालीवर. न विचारलेलं उत्तर मिसळतं, म्हणून दिवा लाल. जनावर वाट बघतं ते कानाने बघतं."

"पण किती दिवस? चौगुले जाऊन दीड वर्ष झालं. मालक गेला की कुत्रं जेवत नाही, दारात बसून राहतं, सगळं मी बघितलंय. पण आवाज आलाच नाही तर काही आठवड्यांत ते थांबतं हो. आठवण राहत असेल, कान टवकारणं राहत नाही."

"आलाच नाही तर."

"म्हणजे?"

अष्टेकर उठून फळ्याशी गेले आणि काहीच न लिहिता परत आले. "चौगुले गेले. खंड्याचा कान काही दिवस त्यांच्या हाकेला तयार राहिला, म्हणून त्या स्वरांना त्याने मोठं उत्तर दिलं. दाण्याने ते स्वर उचलले. दुसऱ्या दिवशी त्याच क्रमाने, त्याच वेळी, तेच सोडले. कानाने ऐकले. हाक आली."

"आणि तो आणखी वाट बघायला लागला."

"तरफ वाजली म्हणून आपण तार छेडत राहिलो, रुबीना. दीड वर्ष."

बाहेर कुणाची तरी गाडी मागे घेताना वाजत होती. ती थांबली तेव्हा अष्टेकरांनी स्पीकर बंद केला.

"म्हणजे त्याला रोज मालक हाक मारतो," रुबीना म्हणाल्या. "खरोखर ऐकू येते ती."

"कानाच्या आत. बाहेर कुठे शोधून सापडत नाही, म्हणून तो डोकं कलतं करतो. झटकून बघतो. खाजवतो. आपण त्याला कानाचं दुखणं म्हणतो आणि थेंब घालतो."

भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. ज्या घरातला दिवा लाल, तिथे लाल ठिपका. आरोग्य विभागाचे लोक आले की अष्टेकर त्यांना तो अभिमानाने नाही तरी उपयोगी म्हणून दाखवत. आता ते नकाशाजवळ जाऊन एकेक ठिपका बघू लागले. काही ठिपके दुखऱ्या कानांचे असतीलच. पण बाकीच्या प्रत्येक घरात, ठरल्या वेळी, गेलेलं माणूस जिना चढत होतं, खोकत होतं, नाव घेऊन बोलावत होतं. आणि घरातल्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता.

"सगळ्या दवाखान्यांना मी आज कळवते, लाल दिव्याचे पट्टे उतरवा म्हणून," रुबीना उठल्या. "पण चौगुलेबाई माझं ऐकायची नाही. मुलालाही फोन केला होता. तो म्हणाला, आईला पटवा, मी सोमवारी गाडी घेऊन येतोय. तुम्ही चला माझ्याबरोबर. आत्ता गाडीत बसा."

"मला समोरासमोर बोलता येत नाही हो."

"तिला ऐकू येत नाही. दोघांचं छान जमेल."

अष्टेकर ओशाळून हसले. "मी लिहितो. आज लिहितो."

"आजच. मी पहाटे जतला शिबिराला जातेय, नाहीतर डोक्यावर उभी राहिले असते. बाईचा टपालावर विश्वास आहे, टपालानेच जाऊ दे. आणि तिला सांगा, ती हाक आपल्याकडे आहे. ऐकू येणार नाही तिला, पण आमच्याकडे बहिऱ्या माणसाला सूर दाखवायचा तर सतारीच्या भोपळ्यावर तळहात ठेवायला सांगतात. कातडीला कळतं." दारात त्या थांबल्या. "तुमच्या टीपचा दिवा कसा आहे?"

टीप म्हणजे अष्टेकरांची मांजर. पुस्तक वाचत बसलं की ती पानाच्या तळाशी येऊन बसे, म्हणून टीप.

"लाल आहे," ते म्हणाले. "संक्रांतीनंतर कधीतरी लागला. मी किडे समजून थेंब घालतोय."

"तुमच्या घरातून कोण गेलं?"

"कुणी आलं असतं तर गेलं असतं ना."

त्यांना वाटलं रुबीना हसतील. त्या हसल्या नाहीत.

ब्राह्मणपुरीतल्या घरी ते पोचले तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. टीप टेबलाखाली होती. तिचं डोकं उजवीकडे कललेलं होतं, आणि ती खोलीच्या अशा कोपऱ्याकडे बघत होती जिथे काहीच नव्हतं. अष्टेकरांनी तिला मांडीवर घेतलं, भिंगातून कान बघितला. आत फिकट गुलाबी, कोरडं. काळा चुरा नाही. वास घेतला, मांजराचा वास, दुसरा नाही. मग, नको नको वाटत असतानाही, त्यांनी पट्टा संगणकाला जोडला आणि हेडफोन लावला.

खरखरीतून एक आवाज आला. पुरुषाचा, म्हाताऱ्या माणसाचा, अगदी जवळून. तो दबक्या चालीत सुरू होई, जरा धीर करून पुढे जाई, चढे, आणि चढत असतानाच थांबे. मग पुन्हा पहिल्यापासून. कुणीतरी परक्याच्या दारात उभं राहून काही मागावं की नको याचा विचार करत असावं, तसा.

अष्टेकरांनी मागे वळून बघितलं. दार लावलेलं होतं. या घरात ते एकटेच राहत. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जाई, पेपर फटीतून येई. दुपारी दोघांना उमगलेला नियम त्यांना आठवला. दिवा लाल म्हणजे या घरात रोज बोलणारं कुणीतरी होतं आणि ते आता बोलत नाही. कोण राहून गेलं आपल्या घरात? आपल्याला न कळता?

आवाज पुन्हा सुरू झाला. थांबला. पुन्हा सुरू झाला, आणि अष्टेकरांच्या लक्षात आलं की आपले ओठ त्याच्याबरोबर हलताहेत.

श्रीमती इंदुमतीबाई चौगुले यांस, सप्रेम नमस्कार. आपल्या खंड्याच्या डाव्या कानाविषयी—

तिथे तो थांबला. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, संध्याकाळी याच वेळी, ते याच जागी थांबत आले होते. मग त्यांनी म्हणणं सोडलं होतं. टीपच्या कानाने सोडलं नव्हतं. तिला ते रोज ऐकू येत होतं, वाक्याच्या अर्ध्यापर्यंत, आणि पुढचं काय ते ऐकायला ती रिकाम्या कोपऱ्याकडे डोकं कलतं करून बसत होती.

घरातून गेलेला माणूस सापडला होता.

अष्टेकरांनी हेडफोन काढला, टीपचा पट्टा सोडला आणि कागद पुढे ओढला. घसा साफ केला. स्वतःच्याच घरात मोठ्याने बोलायचा त्यांना संकोच वाटला, तरी ते म्हणाले, "श्रीमती इंदुमतीबाई चौगुले यांस, सप्रेम नमस्कार. आपल्या खंड्याच्या डाव्या कानाविषयी—"

टीपने मान वळवली. तिचे दोन्ही कान त्यांच्याकडे होते.

"—आपण विचारलं होतं," ते म्हणाले, आणि लिहू लागले.

'तो दुखतो की तो काही ऐकतो, असं आपण विचारलं होतं. तो ऐकतो. आपल्या यजमानांची हाक त्याला रोज दिवस मावळताना ऐकू येते, आणि ती आमच्या पट्ट्यामुळे येते. कान निरोगी आहे. शस्त्रक्रिया करू नये. पट्टा काढला की काही आठवड्यांत त्याचं वाट बघणं थांबेल. एकदा थांबलं की त्याच्या कानात ती हाक पुन्हा उमटणार नाही. पट्टा केव्हा काढायचा हे आपण ठरवावं; सांगण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. हाक मी इथे जपून ठेवली आहे. ती आपल्या तळहाताला कळेल अशी करता येते असं डॉ. रुबीना सतारमेकर म्हणतात. हवी असल्यास कळवावं. उत्तराला उशीर झाला.'

शेवटचं वाक्य फारच अपुरं वाटलं म्हणून ते खोडायला त्यांनी पेन उचललं. मग ठेवून दिलं. पाकीट चिकटवलं, सकाळपर्यंत थांबलो तर धीर राहणार नाही हे ओळखून चपला घातल्या.

गल्लीत दिवेलागण होत होती. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंतचा रस्ता त्यांच्या रोजच्या पायाखालचा होता. पण तिन्हीसांजेला तिथून जाताना त्यांनी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. एका फाटकाआड तांबडा कुत्रा उभा होता, डोकं डावीकडे कललेलं. पलीकडच्या कट्ट्यावर पांढरी मांजर, डोकं उजवीकडे. गच्चीच्या कठड्यावर आणखी एक. प्रत्येकाच्या गळ्याशी लाल ठिणगीएवढा दिवा. कुणी भुंकत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि तरीही अष्टेकर भिंतीच्या कडेने, अंग चोरून चालू लागले. मधून कुणी चाललं असेल तर त्याला धक्का लागायला नको, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

पेटीशी ते नेहमीसारखे थांबले. पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. बरोबर होता. हात पुढे केला आणि सोडलं.

रिकाम्या पेटीच्या तळाशी पाकीट आपटल्याचा बारीकसा आवाज झाला. तांबड्या कुत्र्याने डोकं सरळ केलं आणि दोन्ही कान पेटीकडे वळवले. क्षणभर तो तसाच बघत राहिला. मग त्याचं डोकं, कुणी हळूच कानाला धरून ओढावं तसं, पुन्हा डावीकडे कललं.